संमती कुणाची?

(अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिबिरवाल्यांनी मला सांगितलं, पर्यावरणावर एखादी कविता म्हण. मी म्हटलं, कविता रात्री म्हणू. आधी मला बोलायचंय. पर्यावरणावरच्या कविता मी पुष्कळ वाचल्यात. त्यांत झाड असतं, पाखरू असतं, नदी असते. नदीत मेलेलं जनावर ओढून काढणारा माणूस मात्र त्यांत कधी दिसत नाही.

मी मॅट्रिक. गोदीत काम करतो, तेही कंत्राटावर. माझा आजा गोदीत कायम होता. हूक खांद्याला अडकवून निघायचा तेव्हा चाळीतली पोरं रस्ता द्यायची. बाप बदलीवर राहिला आणि मी कंत्राटी झालो. तीन पिढ्यांत आमची प्रगती ही अशी उलट्या पावलांनी झाली. तर असा माणूस आंतरराष्ट्रीय कायद्यावर बोलायला उभा राहिला की कुणालाही हसू येईल. खुशाल हसा. पण तो कायदा ज्या मालासाठी केलाय तो माल माझ्या हातांतून जातो. कायदा करणारांनी तो माल कधी हातात घेतलेला नाही. तेव्हा बोलायचा हक्क मलाही आहे.

आधी एक गोष्ट सांगतो. मागल्या पावसाळ्याच्या तोंडाची. एका खासगी यार्डात आमची टोळी कंटेनर खाली करत होती. कागदावर माल होता भंगार लोखंड. दार उघडलं तर तोंडाशी पाइप, पत्रे, मोटारीचे तुटके भाग. सगळं बरोबर. मागच्या अंगाला मात्र पिंपं. गंजलेली, फुगलेली, काहींची झाकणं सैल. वास असा की डोळे उघडेनात. मुकादम म्हणाला, जुनं तेल असेल, हात चालवा. आमच्यातल्या एका पोरानं पिंप कलतं केलं आणि आतलं पाणी त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत उतरलं. कातडी आधी पांढरी पडली. मग बटाट्याच्या सालीसारखी सुटून आली. नळ शंभर पावलांवर होता. हातमोजे कुणाच्याच हातात नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्याला बोलावून एक कागद पुढे केला. कागद इंग्रजीत. मी तो नंतर एका कॉलेजात जाणाऱ्या दोस्ताकडून वाचून घेतला. त्यात लिहिलं होतं की मी हे काम माझ्या खुशीनं केलं, मला त्याची कल्पना दिली होती, माझी काही तक्रार नाही. पोरानं सही ठोकली. न ठोकून करतो काय? हाताला पट्टी होती, खाडे पडले होते, घरी तीन तोंडं होती. पिंपं त्याच रात्री ट्रकात भरून गेली. कुठं गेली, आत काय होतं, आम्हाला आजतागायत माहीत नाही.

भाजणं गोदीत रोजचं आहे. माझ्या डोक्यात बसला तो कागद. खुशीनं. कल्पना दिली होती. हे शब्द कुणी शोधून काढले असतील, याचा मी छडा लावायला निघालो आणि थेट स्वित्झर्लंडातल्या बासेल शहरात पोचलो. पासपोर्टावर नव्हे. लायब्ररीच्या कार्डावर.

आता बासेलची गोष्ट ऐका.

श्रीमंत देशांत १९७०नंतर प्रदूषणाचे कायदे कडक झाले. कडक झाले कारण तिथली माणसं रस्त्यावर आली. आमच्या पाण्यात विष नको, आमच्या पोरांच्या शाळेजवळ कचरा नको. बरोबरच आहे त्यांचं. पण कारखाने चालूच राहिले, विष तयार होतच राहिलं. ते तिथं पुरायचं तर खर्च वाढला. मग व्यापाऱ्यांनी नकाशा उघडला. जिथं मजुरी स्वस्त तिथं विषही स्वस्तात पुरता येतं.

१९८६ मध्ये अमेरिकेच्या फिलाडेल्फिया शहरातल्या भट्टीची राख घेऊन ‘खियन सी’ नावाचं जहाज निघालं. सुमारे १४ हजार टन राख. एकामागून एक देश त्याला परत पाठवत गेले. शेवटी हैती. गोनाईव्हच्या किनाऱ्यावर ‘खत’ म्हणून चारेक हजार टन राख उतरवली. हैतीच्या सरकारला कळलं, त्यांनी सांगितलं परत भरा, तर जहाज पसार. पुढं त्या जहाजानं दोनदा नाव बदललं, समुद्रामागून समुद्र फिरलं आणि १९८८ सरताना दिसलं तेव्हा पोट रिकामं. उरलेली राख समुद्राच्या पोटात. हैतीतली राख परत उचलायला २००० साल उजाडलं.

दुसरी गोष्ट नायजेरियातल्या कोको गावची. इटलीहून विषारी कचऱ्याची हजारो पिंपं आली आणि एका माणसाच्या परड्यात ठेवली गेली. भाडं महिन्याला शंभरेक डॉलर. त्या माणसाला वाटलं, लक्ष्मी आली घरी. आत काय आहे ते त्याला कुणी सांगितलं नाही. १९८८ मध्ये याचा बोभाटा झाला. आणि तो कुणी केला? इटलीत शिकायला गेलेल्या नायजेरियाच्या विद्यार्थ्यांनी. त्यांनी तिथल्या बातम्या वाचल्या आणि घरच्या वर्तमानपत्रांना कळवलं. आपल्यासारखीच पोरं. हे ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

मग नायजेरियानं दम भरला आणि माल परत जहाजांवर चढवावा लागला. त्यातलं एक जहाज ‘कारिन बी’. ते युरोपात पोचलं आणि बघा गंमत, युरोपातली बंदरं एकामागून एक त्याला दार बंद करू लागली. आपलाच माल, आपल्याच कारखान्यातला, पण आता कुणी शिवायला तयार नाही. विटाळ! तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की हा विषय आपल्या फार ओळखीचा आहे. घाण एकानं करायची, ती उचलायची दुसऱ्यानं, आणि उचलली की अस्पृश्य ठरायचा उचलणारा. शेवटी इटलीलाच तो माल उतरवून घ्यावा लागला.

या बोभाट्यातून २२ मार्च १९८९ला बासेल करार झाला. घातक कचऱ्याची देशादेशांमधली वाहतूक आणि त्याची विल्हेवाट यांवरचा. लागू झाला ५ मे १९९२ला, आणि त्याच वर्षी जूनमध्ये भारतानंही त्याला मान्यता दिली. त्याचा गाभा दोन कलमांत आहे. कलम ६ म्हणतं, कचरा पाठवणाऱ्या देशानं घेणाऱ्या देशाला आधी लेखी कळवायचं, काय आहे, किती आहे, त्याचं काय करणार. घेणाऱ्या देशानं लेखी संमती दिल्याशिवाय माल हलवायचा नाही. कलम ९ म्हणतं, खोटी कागदपत्रं करून, संमतीवाचून माल पाठवला तर तो गुन्हा. पाठवणाऱ्या देशानं तो कळल्यापासून ३० दिवसांत परत न्यायचा किंवा नीट विल्हेवाट लावून द्यायची.

कायदा म्हणून हे लहान काम नाही, दोस्तांनो. गरीब देश म्हणाले, आम्हाला विचारा, आणि श्रीमंत देशांना कागदावर का होईना, कबूल करावं लागलं. पण अमेरिकेनं १९९०ला सही केली आणि मान्यता काही दिली नाही. आफ्रिकेतल्या देशांना तर बासेल पुरेसं वाटलंच नाही. विचारता कसले, आणायचाच नाही, म्हणून १९९१ मध्ये त्यांनी माली देशातल्या बामाकोत आपला वेगळा करार केला. आफ्रिकेत बाहेरचा घातक कचरा आणायलाच बंदी.

मी कलम ६ मराठीत उतरवून आमच्या त्या भाजलेल्या पोराला वाचून दाखवलं. त्यानं नीट ऐकलं आणि विचारलं, ‘म्हणजे आपल्या देशानं सही करायची?’ म्हटलं, हो. ‘देश म्हणजे कोण?’ म्हटलं, दिल्लीतलं खातं. ‘त्याला वास येतो का रे?’

आज मला तुमच्यापुढं बोलायचं ते एवढंच. बाकी सगळं त्याचंच स्पष्टीकरण.

आंतरराष्ट्रीय कायद्याला देश दिसतो. देश म्हणजे एक माणूस, त्याला एक तोंड, एक सही. देशाच्या पोटात वर कोण, खाली कोण, हे त्याला दिसत नाही. १९७२च्या जूनमध्ये स्टॉकहोमला पर्यावरणावर संयुक्त राष्ट्रांची पहिली मोठी परिषद भरली. त्याच वर्षी इकडं मुंबईत दलित पँथर उभी राहिली होती. स्टॉकहोमला इंदिरा गांधी बोलल्या. त्यांच्या भाषणाचा सार पुढं जगभर असा सांगितला गेला की गरिबी हेच मोठं प्रदूषण. श्रीमंतांनो, तुम्ही जग लुटून, धूर ओकून मोठे झालात, आता आम्हाला शहाणपण शिकवू नका, हा त्यातला सवाल. तो सवाल खरा आहे. मी तो सोडायला तयार नाही. त्याच सवालातून १९९२च्या रिओ जाहीरनाम्यातलं सातवं तत्त्व आलं. पृथ्वी सांभाळायची जबाबदारी सगळ्यांची, पण सारखी नाही. ज्यानं जास्त बिघडवलं, ज्याच्याकडं जास्त पैसा आणि तंत्र, त्याचा वाटा मोठा.

मी म्हणतो, हे तत्त्व छान आहे, आता ते सीमेच्या आत आणा. देशादेशांत जर जबाबदारी सारखी नाही, तर मलबार हिल आणि देवनार यांच्यात ती सारखी कशी? एअरकंडिशनवाल्याचा वाटा आणि देवनारच्या डोंगरावर प्लास्टिक वेचणाऱ्या बाईचा वाटा एकच कसा? परदेशात जाऊन ‘आम्ही गरीब’ म्हणायचं आणि घरी येऊन गरिबाच्याच डोक्यावर पाटी द्यायची, हा कसला न्याय? तिसऱ्या जगाच्या पोटात आणखी एक तिसरं जग आहे. परिषदेत त्याच्या नावाची पाटी कुठल्याच टेबलावर नसते.

१९९१च्या डिसेंबरात लिहिलेलं जागतिक बँकेतलं एक टिपण बाहेर फुटलं. त्यावर बँकेच्या मुख्य अर्थतज्ज्ञाची, लॉरेन्स समर्स यांची सही होती. हिशेब असा मांडला होता की प्रदूषणाचं नुकसान मोजायचं ते माणूस आजारी पडला, मेला तर किती मजुरी बुडाली यावर. मग ज्या देशात मजुरी सगळ्यात कमी, तिथं विषारी कचरा टाकणं अर्थशास्त्राच्या दृष्टीनं बिनचूक. जगभर ओरड झाली. ते उपरोधानं लिहिलं होतं, असा खुलासा नंतर आला. असेल. पण आमच्या यार्डात तो हिशेब कुणी उपरोधानं करत नाही. आमच्या दोस्ताच्या कोपरापर्यंतच्या कातडीची किंमत खाड्यांच्या भावानंच लावली गेली.

आता जहाजांकडं येतो. गुजरातेत भावनगर जिल्ह्यात अलंग आहे. १९८३ पासून तिथं जुनी जहाजं फोडतात. भरती मोठी असते. भरतीला जहाज जोरात किनाऱ्यावर चढवायचं, ओहोटीला ते चिखलात उघडं पडतं, मग माणसं मुंग्यांसारखी चढतात आणि गॅसनं कापतात. आपल्या मुंबईत दारूखान्यालाही हे काम चालत आलं. अलंगला कापणारी माणसं ओडिशाची, बिहारची, उत्तर प्रदेशची, झारखंडची. जहाजाच्या अंगात ॲस्बेस्टॉस असतो, शिसं असतं, तेलाचा गाळ असतो, पीसीबी नावाचं विष असतं. ॲस्बेस्टॉसची धूळ छातीत बसते आणि वीस-तीस वर्षांनी उठते. तोवर मजूर गावी गेलेला असतो. त्याचं मरण कुठल्याच वहीत चढत नाही.

मेलेलं जहाज बघितलं की मला आजाचं बोलणं आठवतं. त्याच्या बापानं गावात मेलेली ढोरं ओढली होती. पाटलाचा बैल जिवंत असेतो त्याच्या गोठ्याला आमचा हात लागायचा नाही. मेला की निरोप यायचा, या, घेऊन जा. जहाजांचं तेच आहे. जिवंत असेतो कमाई त्यांची. मेलं की ओढायला आम्ही. त्यात आणखी एक युक्ती. मरायला टेकलेलं जहाज दलालाला रोकडीनं विकतात आणि त्याचा झेंडा बदलतात. सारं आयुष्य युरोपातल्या मालकाचं जहाज, मरताना एखाद्या चिमुकल्या बेटाचं होतं. मग कायदा विचारतो, पाठवणारा देश कोणता? उत्तर, ते बेट. झालं, बासेलचा हात सुटला.

१९९५ मध्ये बासेल करारात दुरुस्ती झाली. श्रीमंत देशांनी गरीब देशांकडं घातक कचरा पाठवायचाच नाही. ती लागू व्हायला २४ वर्षं लागली. क्रोएशियानं मान्यता दिली तेव्हा कुठं आकडा भरला आणि ५ डिसेंबर २०१९ला ती अमलात आली. त्या दिवशी मान्यता देणाऱ्यांच्या यादीत भारताचं नाव नव्हतं. तिसऱ्या जगाचे पुढारी म्हणवणारांचं! का नव्हतं? कारण भंगारात धंदा आहे. जो संमती देतो त्याला पैसा मिळतो आणि जो सोसतो त्याला पट्टी.

दोन जहाजांची नावं लक्षात ठेवा. ‘क्लेमान्सो’ आणि ‘ब्लू लेडी’.

क्लेमान्सो हे फ्रान्सच्या नौदलाचं विमानवाहू जहाज. २००५ संपता संपता ते तुलाँ बंदरातून अलंगला निघालं, पोटात ॲस्बेस्टॉस. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २००३ मध्येच सांगितलं होतं की फोडायला येणारं जहाज आधी विषमुक्त करून आणा. त्याचा आधार घेऊन इकडं लढा झाला, तिकडं फ्रान्समध्ये कोर्टबाजी झाली. जानेवारी २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला भारताच्या हद्दीबाहेर रोखून धरलं. फेब्रुवारीत फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांना, शिराक यांना, ते परत बोलवावं लागलं. अखेर ते इंग्लंडात हार्टलपूलला फोडलं. म्हणजे गोऱ्यांच्या देशातही जहाज फुटू शकतं. फक्त तिथं मजूर तोंडाला मुखवटा लावतो आणि मालकाचा खर्च वाढतो.

ब्लू लेडी हे पूर्वीचं ‘फ्रान्स’ नावाचं थोरलं प्रवासी जहाज. हात बदलत, नावं बदलत तेही २००६ मध्ये अलंगला आलं. त्यातही ॲस्बेस्टॉस होताच, हजार टनांच्या वर. अलंगच्या आसपासच्या गावांतल्या सरपंचांच्या बाजूनं कोर्टात अर्ज गेला की आमच्या जिवाला धोका आहे. सप्टेंबर २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं फोडायला परवानगी दिली. कारणांत सातशे मजुरांचा रोजगार होता, ४१ हजार टन पोलादही होतं. एक जहाज सरकारचं होतं, सगळ्या जगाच्या डोळ्यांसमोर होतं, ते परत गेलं. दुसरं दलालांच्या हातून आलं, ते फुटलं. ॲस्बेस्टॉस दोन्हीकडं सारखाच.

आता २००९चा हाँगकाँग करार २६ जून २०२५ पासून लागू झालाय. जहाज फोडण्यासाठी खास. भारत २०१९लाच त्यात सामील झाला, कायदाही केला. जहाजावर काय काय विष आहे त्याची यादी बरोबर हवी, यार्डाला परवाना हवा. यादी हवी हे चांगलंच. पण किनाऱ्यावर जहाज चढवून चिखलात फोडायच्या पद्धतीला तो करार बंदी घालत नाही. आणि ती यादी कापणाऱ्या माणसाला त्याच्या भाषेत वाचून कोण दाखवणार?

इथं आपल्यातलेच काही मित्र मला अडवतात. म्हणतात, अरे पोट आहे त्यावर. तू काम बंद करायला सांगतोस काय? कुणी म्हणतं, पर्यावरण हे पोट भरलेल्यांचं खूळ, आपले प्रश्न वेगळे.

पोटाचं मला कुणी सांगू नये. उद्या यार्ड बंद झालं तर पहिली चूल माझी विझेल. मी काम बंद करा म्हणत नाही. मी म्हणतो, पोटाची भीती घालून घेतलेली सही ही संमती नव्हे. आपल्या आजे-पणजांनाही हेच सांगत होते, ढोर ओढणं हे तुमचं वतन आहे, सोडाल तर खाल काय? बाबासाहेबांनी तेव्हा सांगितलं, सोडा. उपाशी राहून सोडलं लोकांनी. आणि पाण्याचा प्रश्न आपला नाही म्हणणारानं महाड आठवावं. २० मार्च १९२७. तळं सगळ्यांचं होतं, ढोरं पाणी पीत होती, आपल्याला मनाई होती. पाणी, हवा, जमीन कुणाच्या मालकीची आणि घाण कुणाच्या वाट्याची, हा प्रश्न आपल्याइतका जुना कुणाचाच नाही.

आणि हे फक्त परदेशी कचऱ्याचं नाही. भोपाळ घ्या. १९८४च्या डिसेंबरात वायू सुटला, हजारो माणसं गेली. कंपनी परदेशी, १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर सौदा मिटला. कारखान्यातलं विष मात्र तिथंच पडून. २०१२ मध्ये ते जर्मनीला नेऊन जाळायचं ठरत होतं. जर्मनीतल्या लोकांत कुरबुर सुरू झाली आणि बेत रद्द झाला. मग २०२५च्या जानेवारीत ३३७ टन कचरा मध्य प्रदेशातल्याच पिथमपूरला नेला. पिथमपूरचे लोकही रस्त्यावर उतरले, नको म्हणाले. जून २०२५ अखेर तो तिथंच जाळून झाला. जर्मन माणसाच्या नुसत्या कुरबुरीला वजन आहे. पिथमपूरचा नकार रस्त्यावर ओरडून सांगितला तरी त्याला वजन नाही. जाळणं योग्य होतं की नाही, ते शास्त्रज्ञ सांगतील. मी एवढंच विचारतो, कुणाच्या ‘नाही’ला वजन असतं?

मग काहीच होत नाही का? होतं. तमिळनाडूत कोडाईकनालला थर्मामीटरचा कारखाना होता. १९८३च्या सुमाराला तो अमेरिकेतून उचलून इथं आणलेला. २००१ मध्ये पाऱ्याचा कचरा भंगारवाल्याकडं सापडला. लोकांनी आणि जुन्या कामगारांनी आवाज केला, कारखाना बंद झाला आणि २००३ मध्ये जवळपास तीनशे टन पाऱ्याचा कचरा जहाजात भरून परत अमेरिकेला गेला. आपल्या बंदरातून त्यांच्या बंदराकडं, उलट्या दिशेनं! कामगारांशी तडजोड व्हायला मात्र २०१६ उजाडलं. फिलिपिन्सनं २०१९ मध्ये कॅनडाचे ६९ कंटेनर परत पाठवले. प्लास्टिक म्हणून आले होते, आत घरगुती घाण होती. आपल्या न्हावा-शेव्याला वंगणाचं तेल म्हणून १३३ कंटेनरांत टाकाऊ घातक तेल आलं होतं. जानेवारी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते भट्टीत जाळायचा आणि खर्च आयात करणारांकडून घ्यायचा हुकूम दिला.

या सगळ्या ठिकाणी कुणीतरी दार उघडून आत बघितलं, आत काय आहे ते ओळखलं आणि लिहून काढलं. कायदा तेव्हाच जागा झाला.

रिओच्याच जाहीरनाम्यात दहावं तत्त्व आहे. ज्याच्या जिवाशी गाठ, त्याला माहिती मिळाली पाहिजे, निर्णयात जागा मिळाली पाहिजे, दाद मागता आली पाहिजे. युरोपनं त्याचा १९९८ मध्ये आरहूसला करार केला. लॅटिन अमेरिका आणि कॅरिबियन देशांनी २०१८ मध्ये एस्काझूला केला, तो २०२१ पासून लागू आहे. आशियात आपल्याला बांधून घेणारा असा करार नाही. आपले राज्यकर्ते परदेशांकडं संमतीचा हक्क मागतात, तो मागू देत, आपण त्यांच्या मागं उभे राहू. पण मग तोच हक्क आम्ही त्यांच्याकडं मागणार. देशाला ‘नाही’ म्हणता येत असेल तर टोळीलाही ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे.

म्हणून तीन कामं सांगतो. घोषणा नकोत, कामं.

पहिलं, ओळख. घातक मालाच्या कंटेनरवर आणि पिंपावर चौकोनी खुणा असतात, चार आकडी नंबर असतो. कवटी म्हणजे विष, हातावर ठिबकणारा थेंब म्हणजे गंजवणारं, जाळणारं रसायन. त्या खुणांचा एक मराठी-हिंदी तक्ता आपण काढू आणि यार्डायार्डांत, नाक्यानाक्यावर चिकटवू. खूण खरवडून काढलेली दिसली तर तीही खूणच समजायची.

दुसरं, वही. कुठल्या दिवशी, कुठल्या यार्डात, कुठला कंटेनर नंबर, कागदावर काय, आत काय, कुणाला काय झालं. त्यांच्याकडं इंग्रजी कागद आहे तर आपल्याकडं आपल्या अक्षरातली वही असू दे. त्या नंबरावर माहितीच्या अधिकारात कस्टम्सला आणि प्रदूषण मंडळाला अर्ज टाकायचा. संमती दिली होती का? कुणी? कुठल्या तारखेला?

तिसरं, सही. न वाचता सही नाही. अंगठा नाही. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवायला टोळीत एक जण हवा. इथं बसलेल्यांत कॉलेजात जाणारे पुष्कळ आहेत. नायजेरियाच्या त्या पोरांनी परक्या देशात बसून गावची पिंपं शोधून काढली. तुम्हाला तर हार्बर लाइननं जायचंय फक्त.

आमचा तो दोस्त आज आलेला नाही. पाळीवर आहे. हात बरा झालाय, कातडी वेगळ्या रंगाची आलीये, बोटं पुरती मिटत नाहीत. वहीचं पहिलं पान त्याचं आहे. तारीख, यार्ड, कंटेनर नंबर, सगळं त्यानं तोंडपाठ सांगितलं, मी लिहून घेतलं. खाली त्यानं सही केली. या वेळी वाचून केली.

ज्यांना या कामात यायचंय त्यांनी जेवणाच्या सुट्टीत नाव द्यावं. वही माझ्याकडं आहे.

जय भीम.